भिंतीवरचे शेवाळ आणि अंतराळातला प्रवासी

पावसाळा लागून महिना-दीड महिना झाला की आपल्या पडवीच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, कौलांच्या सावलीकडच्या अंगाला एक हिरवी मखमल चढते. आपण तिला शेवाळ म्हणतो. ओढ्यात पाय घसरवते ते बुळबुळीत शेवाळ वेगळे. हे भिंतीवरचे शेवाळ बारीक पानांचे, मऊ, बोटाने दाबले तर पाणी सोडणारे. दिवाळी उलटली की ते तपकिरी पडू लागते. चैत्रात त्याची नुसती पापडी होते आणि नखाने खरवडली तर भुगा हाती येतो. या भुग्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. भिंतीला चुना द्यायची वेळ आली की खराट्याने झाडून टाकतात, झाले.

आज मी बोलणार आहे तो या भुग्यात राहणाऱ्या एका प्राण्याविषयी. त्याच्याच जातकुळीतले काही प्राणी २००७ साली जमिनीपासून अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर उंचीवर गेले. यानाच्या आत बसून नव्हे, बाहेरच्या अंगाला. जिथे हवा नाही, पाणी नाही, आणि सूर्याच्या किरणांना अडवायला ढगाचा तुकडाही नाही, अशा पोकळीत ते दहा दिवस उघडे राहिले. परत आल्यावर त्यांना पाणी दिले, तेव्हा त्यांतले पुष्कळसे चालू लागले, आणि पुढे त्यांनी अंडीही घातली. अंतराळाच्या पोशाखावाचून माणूस तिथे पंधरा सेकंदसुद्धा शुद्धीवर राहायचा नाही.

ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल. 'अमर प्राणी', 'मरणाला हरवणारा जीव' असे मथळेही पाहिले असतील. ते मथळे खरे नाहीत. खरी हकीकत त्यांच्याहून थोडी साधी आहे आणि माझ्या मते पुष्कळच अधिक नवलाची आहे.

मी शास्त्राचा अध्यापक नव्हे हे आधीच सांगून टाकतो. महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवतो. आमचा विषय 'सर्व माणसे मर्त्य आहेत' या वाक्यापासून सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत आम्ही मुलांना बजावतो की कोणतीही वस्तू एक तर अमुक असते किंवा अमुक नसते, तिसरी वाट नाही. दिवा लागलेला आहे किंवा नाही. बैल जिवंत आहे किंवा मेलेला आहे. दोन वर्षांमागे प्राणिशास्त्राचे माझे एक सहकारी मला वाटेत अडवून म्हणाले, "सर, तुमच्या त्या तिसऱ्या वाटेचा एक नमुना आमच्या टेबलावर आहे. येताय का बघायला?"

गेलो. काचेच्या बशीत शेवाळ पिळून काढलेले गढूळ पाणी होते. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला, तर आधी नुसता कचरा दिसला. वाळूचे कण, पानांचे तुकडे, कसले तरी तंतू. आणि त्या कचऱ्यातून, कोणाची पर्वा नसल्यासारखा, एक जाडजूड प्राणी पाय टाकत चालला होता. आठ पाय, आखूड आणि गुबगुबीत, प्रत्येकाला नखे. शेवटचे दोन पाय मागच्या बाजूला, त्यांनी तो पानाला धरून राहायचा आणि बाकीचे सहा हवेत हलवायचा. अंग वळ्यावळ्यांचे. चाल थेट अस्वलाची. आकार म्हणाल, तर खसखशीच्या दाण्याच्या निम्मा. इतक्या लहान देहात तोंड आहे, तोंडात वनस्पतीची पेशी टोचून रस ओढायला दोन सुया आहेत, आतडे आहे, मेंदू आहे, स्नायू आहेत. हृदय नाही, फुप्फुस नाही. एवढ्याशा देहाला त्यांची गरजही नाही. मी अर्धा तास पाहत बसलो. माझा तास होता, तो चुकला.

या प्राण्याला इंग्रजीत आणि शास्त्रात टार्डिग्रेड म्हणतात. आपली वर्तमानपत्रे जलअस्वल म्हणतात. मला पाणअस्वल बरे वाटते; आपल्याकडे पाणकोंबडी आहे, पाणमांजर आहे, तसे हे पाणअस्वल. त्याच्या तेराशेहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. हिमालयात आहेत, समुद्राच्या तळाशी आहेत, दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात आहेत. प्रत्येक जातीला लागते एक गोष्ट, अंगाभोवती पाण्याचा पातळ का होईना पण थर. पाणी असेल तोवरच तो चालतो, खातो, वाढतो.

आणि भिंतीवरच्या शेवाळातले पाणी तर टिकत नाही. मग उन्हाळ्यात हा प्राणी करतो काय?

ज्या साली पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याच साली, म्हणजे १७७३ मध्ये, जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावचे एक पाद्री योहान गोएझे यांनी या प्राण्याचे वर्णन छापले आणि त्याला 'छोटे पाणअस्वल' असे नाव दिले. पुढे तीन वर्षांनी इटलीतले लाझारो स्पालान्झानी यांनी त्याला 'मंद चालणारा' अशा अर्थाचे नाव दिले. आजचे टार्डिग्रेड हे त्यावरूनच आले. हे गृहस्थही धर्मगुरूच. स्पालान्झानींनी पाहिले की गटारीतली वाळू पार कोरडी झाली तरी तिच्यात हे प्राणी सुरकुतून पडलेले असतात, आणि पाणी घातले की थोड्या वेळाने हलू लागतात. त्यांच्याही आधी, १७०२ साली, हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी लेव्हेनहूक यांनी घराच्या पन्हळीतल्या कोरड्या गाळावर पाणी घालून असाच प्रकार पाहिला होता. त्यांचे प्राणी मात्र रोटिफर नावाच्या दुसऱ्या जातीचे होते.

आता तुम्हीच सांगा, वाळून कोळ झालेला प्राणी पाणी घातल्यावर उठतो, याला काय म्हणायचे? तो मेला होता आणि पुन्हा जन्मला, असे? की मेलाच नव्हता, नुसता निपचित होता? वाचताना वाटते की हा शब्दांचा खेळ आहे. पण युरोपात त्यावरून शंभर-दीडशे वर्षे भांडण चालले. कारण उघड होते. मेलेली वस्तू पाण्याच्या थेंबाने जिवंत होत असेल, तर जीव म्हणजे शरीरात येणारे-जाणारे काही वेगळे तत्त्व, ही कल्पना अडचणीत येते. फ्रान्समध्ये हा वाद इतका विकोपाला गेला की १८५९ साली पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळाने एक समिती नेमली. तिचा अहवाल पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यांनी १८६० साली लिहिला. एका बाजूला द्वायेर नावाचे संशोधक, ते म्हणत की पूर्ण वाळलेले प्राणी उठतात. दुसऱ्या बाजूला रुआँ शहरचे पूशे, तेच पुढे पाश्चरशी झगडले ते. ते म्हणत, छे, आत थोडे पाणी उरलेले असते, पूर्ण वाळले की मेले. समितीने प्राणी निर्वात भांड्यात वाळवले, मग अर्धा तास शंभर अंशांवर तापवले, आणि पाणी घातले. काही उठले. पूशे यांचे म्हणणे टिकले नाही. पण 'ते मधल्या काळात जिवंत होते की मेलेले' या प्रश्नाला उत्तर द्यायचे समितीने टाळले. मला त्या समितीबद्दल आदर वाटतो.

हा सगळा इतिहास मी उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या मामांना सांगितला. मामा माणदेशातले, वय पंच्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत. पाण्याचे दुर्भिक्ष काय असते ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पर मास्तर, त्यो जित्ता असतोय का मेल्याला, मधल्या टायमाला?"

मी म्हणालो, "मामा, तेच तर कोणाला सांगता येईना."

तर मामा म्हणाले, "आरं, जोंधळ्याचं बी गाडग्यात असतंय तवा ते जित्तं असतंय का मेल्यालं? पेरल्याबिगर कसं कळंल?"

श्रोतेहो, मी पंधरा वर्षे तर्कशास्त्र शिकवतो आहे, पण हे मला सुचले नव्हते. पूर्वी बियाणे कसे ठेवत ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. चांगली कणसे निवडायची, ती हळूहळू वाळवायची, दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे, मग राखेत घोळून गाडग्यात भरायचे आणि तोंड लिंपून टाकायचे. ओल राहिली तर बी कुजते किंवा उगवणशक्ती जाते. म्हणजे बियाच्या बाबतीत ओल हीच वैरीण आणि कोरडेपण हे संरक्षण. प्राण्यांच्या बाबतीत आपण नेमके उलटे धरून चालतो. पाण्यावाचून प्राणी जगत नाही, हे लहान मूलही सांगेल. पाणअस्वल हा बियाचा धडा शिकलेला प्राणी आहे. १९५९ साली केंब्रिजचे डेव्हिड कायलिन यांनी या अवस्थेला एक ग्रीक नाव दिले. मराठीत त्याला गुप्तजीवन म्हणता येईल. जीवनाच्या खुणा सगळ्या थांबलेल्या, पण घडण शाबूत. घडण शाबूत असेल तर क्रिया पुन्हा सुरू होऊ शकते.

घडण शाबूत कशी राहते ते आता पाहू. शेवाळ वाळू लागले की पाणअस्वल आठही पाय आत ओढून घेते, अंग आवळते आणि लहानशा पिंपासारखे होते. जर्मन लोकांनी या रूपाला 'छोटे पिंप' असेच नाव दिले आहे. अंगातले पाणी जवळजवळ सगळे बाहेर जाते. शंभर भागांपैकी दोन-तीन भाग उरते. श्वासोच्छ्वास, पचन, वाढ ही सगळी कामे मोजता येणार नाहीत इतकी मंदावतात. पण हे सावकाश व्हावे लागते. चालत्या पाणअस्वलाला एकदम कोरड्या काचेवर ठेवले तर ते बहुतेक वेळा मरते. शेवाळाची गादी हळूहळू वाळते, त्यामुळे त्याला तयारीला अवसर मिळतो.

आता, देह वाळला की आतले सारे कोसळायला हवे. द्राक्षाची मनुका झाली की तिला पाण्यात टाकून पुन्हा द्राक्ष होत नाही. पेशींच्या आत असंख्य नाजूक रेणू एका विशिष्ट घडीत दुमडलेले असतात आणि पाणी गेले की ती घडी मोडते. पाणअस्वलाच्या अंगात काही खास प्रथिने असतात. ओले असताना ती सैल, आकार नसलेली असतात. पाणी जाऊ लागले की ती आटतात आणि काचेसारखी घट्ट होतात. तुम्ही शेंगदाण्याची चिक्की केली असेल. गुळाचा पाक पातळ असतो तोवर दाणे त्यात हिंडतात; पाक थंड होऊन कडक झाला की प्रत्येक दाणा जागच्या जागी बंद होतो. पेशीतले नाजूक रेणू असेच जागच्या जागी बसतात, आपटत नाहीत, मोडत नाहीत. पाणी आले की चिक्की विरघळते आणि दाणे पुन्हा मोकळे. अमेरिकेतले थॉमस बूथबी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली ही प्रथिने दाखवून दिली. त्याच्या आदल्या वर्षी टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक प्रथिन शोधले. ते पेशीच्या केंद्रातल्या आनुवंशिक धाग्याला बिलगून राहते. माणसाच्या पेशींत ते प्रयोगशाळेत तयार करवले, तेव्हा क्ष-किरणांनी होणारी त्या धाग्याची हानी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाली.

हे एवढे ध्यानात घेतले म्हणजे अंतराळातली हकीकत जादूची वाटत नाही.

१४ सप्टेंबर २००७ रोजी कझाकस्तानातल्या बैकानूर तळावरून फोटॉन-एम-३ नावाचे रशियन यान सुटले. त्याच्या बाहेरच्या अंगाला युरोपीय अंतराळ संस्थेचा एक झाकणाचा डबा होता. स्वीडनचे इंगेमार यॉन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी दोन जातींची पाणअस्वले आधीच जमिनीवर वाळवून या डब्यात ठेवली होती. कक्षेत गेल्यावर डब्याचे झाकण उघडले. दहा दिवसांनी ते बंद झाले आणि २६ सप्टेंबरला यान उतरले. प्राण्यांचे काही गट पोकळीला उघडे होते पण उन्हापासून झाकलेले. काही गटांवर सूर्याचे निवडक अतिनील किरण पडत होते, ज्यांना जुन्या पुस्तकांत जंबुपार किरण म्हणत. आणि काही गटांवर ते किरण संपूर्ण, गाळणीवाचून पडत होते.

परतल्यावर पाणी दिले. नुसती पोकळी सोसलेल्या गटांची स्थिती घरी ठेवलेल्या वाळक्या सोबत्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. हे कसे? पोकळी प्राण्याला मारते ती मुख्यतः अंगातले पाणी ओढून घेऊन. पाणअस्वलाने ते जमिनीवरच देऊन टाकले होते. लुटारू आले, पण घरात न्यायला काही नव्हते. संपूर्ण अतिनील किरण ज्यांच्यावर पडले, त्यांच्यातले मात्र अगदी मोजके वाचले. म्हणजे अंतराळाने पाणअस्वलाला काहीच केले नाही असे नव्हे. उन्हाने मारले. कोरडेपणाने मारले नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पहिले वाक्य गळते आणि दुसरेच तेवढे उरते.

थंडीचेही असेच. १९२०च्या दशकात गिल्बर्ट राह्म नावाच्या एका ख्रिस्ती साधूने वाळलेली पाणअस्वले द्रवरूप हेलियमच्या थंडीत ठेवली, म्हणजे उणे दोनशे सत्तर अंशांच्या आसपास, आणि ती उठली. (या प्राण्याला धर्मगुरूंचा लळा फार, हे तुमच्या ध्यानात आले असेल.) जपानी संशोधकांनी १९८३ साली दक्षिण ध्रुवाकडून आणलेले शेवाळ उणे वीस अंशांवर ठेवले होते. ते २०१४ साली वितळवले, तेव्हा त्यातून दोन पाणअस्वले आणि एक अंडे निघाले. तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता. दोहोंपैकी एक पुढे दगावले. दुसऱ्याने अंडी घातली.

आता दुसरी बाजू सांगतो. ती सांगितल्यावाचून हे भाषण अपुरे राहील. हे सारे पराक्रम निजलेल्या पाणअस्वलाचे आहेत. जागे पाणअस्वल, पाण्यात चालणारे, फारसे कणखर नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली एका चिवट म्हणून प्रसिद्ध असलेल्या जातीवर प्रयोग केले. सुमारे सदतीस अंश उष्णतेच्या पाण्यात चोवीस तास ठेवले, तर त्यांतली निम्मी मेली. सदतीस अंश म्हणजे तुमच्या-माझ्या अंगाची उष्णता! विदर्भ-खानदेशातल्या श्रोत्यांना तर एप्रिलमधली बरी दुपार वाटेल. हीच जात वाळलेली असताना त्र्याऐंशी अंशांच्या आसपास तासभर ठेवली, तेव्हा निम्मी तगली. पण तीच उष्णता चोवीस तास राहिली तर त्रेसष्ट अंशांनाच निम्मी जातात. पृथ्वी तापत चालली आहे तिचा फटका या 'अमर' प्राण्यालाही बसेल, असे त्या संशोधकांनी स्पष्ट लिहिले आहे.

चंद्रावरच्या पाणअस्वलांविषयी विचाराल. ११ एप्रिल २०१९ रोजी बेरेशीट हे इस्रायली यान चंद्रावर उतरता उतरता आदळले. त्यात एका अमेरिकन संस्थेने ठेवलेली हजारो वाळकी पाणअस्वले होती, आणि ही गोष्ट जगाला कळली ती यान आदळल्यानंतर. लगेच 'चंद्रावर जीवसृष्टी' असा गवगवा झाला. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी मग एक प्रयोग केला. गोठवलेली पाणअस्वले नळीतून बंदुकीच्या गोळीसारखी वाळूवर मारली. वेग सेकंदाला सुमारे नऊशे मीटर झाला तेव्हा एकही वाचले नाही. चंद्रावर पडलेल्या यानाचा वेग याहून कमी होता, तरी धातूच्या सांगाड्यात बसलेल्या धक्क्याचा दाब सोसण्यापलीकडचा असणार, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ साली मांडला. आणि समजा वाचले असेल एखादे, तरी तिथे त्याला पाणी कोण घालणार? बी आहे, शेत नाही. मला खटकते ते वेगळेच. दुसऱ्याच्या शेतात बी टाकायचे तर आपण आधी विचारतो. चंद्र कोणाच्या मालकीचा नाही म्हणून विचारायचे कोणाला, हे खरे. पण गाजावाजा न करता टाकून यायचे, हे काही मला बरे वाटत नाही.

आपल्याकडचे संशोधनही सांगायला हवे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना आपल्याच आवारातल्या काँक्रीटच्या भिंतीवरच्या शेवाळात एक पाणअस्वल सापडले. जंतू मारायला वापरतात त्या अतिनील दिव्याखाली ते धरले. जंतू पाच मिनिटांत मेले, दुसऱ्या जातीची पाणअस्वले पाव तासाच्या माऱ्याने मेली, हे मात्र तगले. याच्या कातडीखाली एक द्रव्य आहे; ते अतिनील किरण शोषून घेते आणि निळा उजेड बाहेर टाकते. अंगावर जणू छत्रीच. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. उन्हाच्या देशातल्या भिंतीवर राहणाऱ्या प्राण्याला उन्हाची छत्री असावी, हे किती साहजिक आहे! पुढे जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर आपल्या अंतराळ संस्थेने निवडलेल्या प्रयोगांत पाणअस्वलेही होती. हे प्रयोग यानाच्या आतले. निजलेल्यांना तिथे जागे करायचे, ती अंडी किती घालतात, पिल्ले किती निघतात हे पाहायचे, आणि वजनहीनतेत त्यांच्या आनुवंशिक कारभारात काय फरक पडतो तो जमिनीवरच्या सोबत्यांशी ताडून पाहायचा. सोसणे निराळे आणि नांदणे निराळे. २००७ चा प्रयोग पहिल्याचा होता, हा दुसऱ्याचा.

आता कोणी म्हणेल, मास्तर, या खसखशीच्या अर्ध्या दाण्याशी आम्हाला काय करायचे आहे? तर आपल्या उपकेंद्रात लस कशी येते ते आठवा. बर्फाची पेटी, शीतकपाट, आणि वीज गेली की परिचारिकेच्या जिवाला लागलेला घोर. गोवराची लस भुकटीच्या रूपात येते, तरी तिलाही थंडावा लागतोच. बूथबी यांच्या गटाने २०२३ साली दाखवले की पाणअस्वलाच्या प्रथिनांच्या सोबतीने वाळवले, तर रक्त गोठायला मदत करणारे एक नाजूक औषध शीतकपाटावाचूनही टिकते. ज्यांचे रक्त सहजासहजी गोठत नाही अशा रोग्यांना हे औषध लागते. ही सोय अजून प्रयोगशाळेतली आहे. उद्या दवाखान्यात मिळेल असे सांगून मी कोणाला आशेला लावणार नाही. पण वाट त्या दिशेची आहे.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र मी आशेला लावणार आहे. शाळेत साधा सूक्ष्मदर्शक असला तर पुरे, चाळीस पटींनी मोठे दाखवणारा चालेल. भिंतीवरचे वाळके शेवाळ कागदाच्या पुडीत आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याला बुरशी येते. बशीत उलटे टाकून त्यावर पावसाचे किंवा विहिरीचे पाणी घाला. जंतुनाशक टाकलेले नळाचे पाणी नको. रात्रभर ठेवा. सकाळी शेवाळ पिळा, पाणी जरा स्थिर होऊ द्या आणि तळाचा गाळ थेंबाथेंबाने काचेवर घेऊन पाहा. पहिल्या थेंबात दिसेलच असे नाही. दहा थेंब पाहिल्यावाचून मुलांना कंटाळू देऊ नका. दिसले नाही तर भिंत बदला. आणि पाहून झाल्यावर ते पाणी शेवाळासकट सावलीत हळूहळू वाळू द्या, म्हणजे पुढच्या वर्गालाही तीच पाणअस्वले दाखवता येतील.

गेल्या मे महिन्यात मी मामांच्या विहिरीच्या कठड्यावरचा भुगा असा भिजवला. मामा शेजारी बसून होते. मला सात पिंपे सापडली. तासाभरात चार हलली, पाय बाहेर आले. दिवेलागणीला पाचवे चालू लागले, ते मामांनी स्वतः नळीतून पाहिले आणि "आरं तिच्या!" म्हणाले. दोन तशीच राहिली. ती मेलेली होती की त्यांना आणखी वेळ हवा होता, हे मला ठरवता आले नाही. मामांनी ती बशी टाकू दिली नाही. झाकण घालून कोनाड्यात ठेवली आहे, बियाच्या गाडग्याशेजारी.